भांडवली खर्च व कार्यकारी रोख प्रवाह

एखाद्या कंपनीला नित्याच्या व्यवसायातून वर्षभरात प्रत्यक्ष मिळालेली निव्वळ रोकड आणि त्याच वर्षी तिने जमीन, इमारती, यंत्रसामग्री इ. स्थिर मत्तेवर केलेला खर्च यांची तुलना. पहिल्या रकमेस कार्यकारी रोख प्रवाह व दुसरीस भांडवली खर्च अशी संज्ञा आहे. पहिलीस दुसरीने भागले असता येणारे गुणोत्तर एकाहून अधिक असल्यास कंपनीची वाढ तिच्या स्वतःच्या मिळकतीतून होत आहे, असे मानतात. ते एकाहून कमी असल्यास तूट भरून काढण्यासाठी कर्ज, नवे भागभांडवल अथवा पूर्वीची शिल्लक यांचा आधार घ्यावा लागतो. दोहोंतील वजाबाकीस मुक्त रोख प्रवाह म्हणतात. कर्जाची परतफेड व लाभांश यांसाठी शेवटी हीच रक्कम उपयोगी पडत असल्याने धनको व भागधारक या दोघांनाही तिचे महत्त्व नफ्याइतकेच, किंबहुना अधिक, असते.

नफा आणि रोकड या भिन्न गोष्टी आहेत. उधारीवर विकलेला माल नफ्यात धरला जातो, पण त्याचे पैसे हाती आलेले नसतात. उलट घसारा नफ्यातून वजा होतो, पण त्यापोटी त्या वर्षी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. समजा, एका कारखान्याचा करोत्तर नफा १२ लाख रु. व घसारा ८ लाख रु. आहे. वर्षभरात ग्राहकांकडील येणी ५ लाखांनी व मालसाठा ६ लाखांनी वाढला आणि पुरवठादारांची देणी ३ लाखांनी वाढली. अशा स्थितीत कार्यकारी रोकड (१२ + ८ − ५ − ६ + ३) म्हणजे १२ लाख रु. होते. त्या वर्षी १६ लाखांची नवी यंत्रे रोखीने घेतली असतील, तर गुणोत्तर ०.७५ येते व ४ लाख रु. बाहेरून उभारावे लागतात. केवळ नफा-तोटा पत्रक पाहणाऱ्यास ही तूट दिसत नाही.

भांडवली खर्चाचा आकडा रोख प्रवाह पत्रकातूनच घ्यावा. ताळेबंदातील स्थिर मत्तेच्या वाढीवरून तो काढल्यास उधारीवर घेतलेली यंत्रे त्यात धरली जातात व आगाऊ दिलेल्या रकमा सुटतात. भारतात इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स या संस्थेने १९८१ मध्ये आर्थिक स्थितीतील बदलांविषयीचे तिसरे लेखामानक काढले. १९९७ मध्ये त्याची जागा रोख प्रवाह पत्रकाच्या सुधारित मानकाने घेतली. २०१३ च्या कंपनी अधिनियमाने या पत्रकाचा वित्तीय विवरणांत समावेश केला. मात्र एकव्यक्ती कंपन्या, लहान कंपन्या व निष्क्रिय कंपन्यांना त्यातून सूट आहे. अमेरिकेत दिलेले व्याज कार्यकारी प्रवाहातून वजा करतात, तर भारतातील बिगर-वित्तीय कंपन्या ते वित्तपुरवठ्याच्या सदरात दाखवितात. त्यामुळे दोन्ही देशांतील कंपन्यांची गुणोत्तरे तशीच शेजारी ठेवून तुलना करणे योग्य नव्हे.

एकाच वर्षाच्या गुणोत्तरावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. अ‍ॅमेझॉन या अमेरिकन कंपनीची कार्यकारी रोकड २०२० मध्ये ६६.१ अब्ज डॉलर व मालमत्ता आणि उपकरणे यांवरील खर्च ४०.१ अब्ज डॉलर होता. करोना साथीच्या काळात मागणी वाढल्याने कंपनीने गोदामांचे जाळे झपाट्याने विस्तारले. २०२१ मध्ये हे आकडे अनुक्रमे ४६.३ व ६१.१ अब्ज, तर २०२२ मध्ये ४६.८ व ६३.६ अब्ज झाले. म्हणजे गुणोत्तर सुमारे १.६५ वरून ०.७५ च्या आसपास आले. २०२३ मध्ये रोकड ८४.९ अब्जांवर गेली, खर्च ५२.७ अब्जांवर उतरला आणि गुणोत्तर पुन्हा १.६ झाले. पोलाद, वीज, सिमेंट यांसारख्या उद्योगांत ही भरती-ओहोटी याहून दीर्घ असते. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने जमशेदपूरच्या कारखान्याची क्षमता २० लाख टनांवर नेण्याचे काम हाती घेतले, तेव्हा १९५६ मध्ये जागतिक बँकेकडून ७.५ कोटी डॉलरचे कर्ज घेतले. एवढा खर्च चालू मिळकतीतून भागवावा, अशी अपेक्षा अशा उद्योगाकडून करणेच चुकीचे ठरेल. म्हणून निदान पाच वर्षांच्या बेरजा ताडून पाहणे इष्ट होय.

याउलट मोठे गुणोत्तर हे नेहमीच सुस्थितीचे लक्षण नव्हे. झिजलेली यंत्रे बदलण्याचे टाळले की भांडवली खर्च घटतो व गुणोत्तर आपोआप फुगते. मुंबईतील अनेक कापड गिरण्यांनी यंत्रांचे नूतनीकरण वर्षानुवर्षे लांबणीवर टाकले. गिरण्या आजारी पडण्याच्या कारणांत त्याची गणना होते. १९७४ मध्ये देशातील अनेक आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९८३ मध्ये मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्र शासनाने ताब्यात घेतले. यासाठी जाणकार विश्लेषक भांडवली खर्चाचे दोन भाग करतात : आहे ती क्षमता टिकविण्यासाठी लागणारा व विस्तारासाठी केलेला. वॉरन बफे यांनी १९८६ च्या आपल्या वार्षिक पत्रात मालकाच्या खऱ्या मिळकतीतून पहिल्या प्रकारचा खर्च वजा करावा, असे मांडले. पत्रकांत ही विभागणी सहसा नसते. घसाऱ्याची रक्कम ही तिची ढोबळ खूण समजतात, पण महागाईच्या काळात जुन्या किमतीवरचा घसारा अपुरा पडतो.

हंगामी उद्योगांत हिशेबाच्या तारखेमुळेही दिशाभूल होते. साखर कारखान्यांचे गाळप मुख्यतः हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात. साखर मात्र पुढे कित्येक महिने विकली जाते. त्यामुळे ३१ मार्च रोजी गोदाम भरलेले व रोकड आटलेली दिसते आणि साखर तारण ठेवून काढलेल्या कर्जाची रक्कम वित्तपुरवठ्याच्या सदरात जाते. उत्तम चाललेल्या कारखान्याचे गुणोत्तरही त्या दिवशी ऋण असू शकते.

या तुलनेत हेतुपुरस्सर फेरफारही होऊ शकतात. वर्ल्डकॉम या अमेरिकन दूरध्वनी कंपनीने इतर कंपन्यांच्या तारा वापरण्यापोटी दिलेले पैसे चालू खर्चात न धरता भांडवली खर्च म्हणून नोंदविले. जून २००२ मध्ये पाच तिमाहींतील अशी ३.८५ अब्ज डॉलरची रक्कम उघड झाली व पुढील महिन्यात कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. अशा नोंदीने नफा व कार्यकारी रोकड दोन्ही वाढतात, पण भांडवली खर्चही तेवढाच वाढत असल्याने त्यांची वजाबाकी मुळीच बदलत नाही. गुणोत्तराबरोबर वजाबाकीही पाहावी, ती याकरिता. तसेच दुरुस्ती-देखभालीचा खर्च विक्रीच्या मानाने एकाएकी घटला आणि स्थिर मत्ता त्याच वर्षी वाढली, तर लेखापरीक्षकाने त्यामागील कारण विचारावे. भाडेपट्ट्याने घेतलेली विमाने, जहाजे वा दुकाने यांची मुद्दलफेड नव्या मानकांनुसार बव्हंशी वित्तपुरवठ्याच्या सदरात दाखविली जाते. ती भांडवली खर्चात मिळविल्यावाचून विमान कंपनी आणि स्वतःच्या कारखान्यात उत्पादन करणारी कंपनी यांची तुलना होऊ शकत नाही. बँका व विमा कंपन्या यांना हे गुणोत्तर लावीत नाहीत, कारण ठेवी व कर्जे हाच त्यांचा नित्य व्यवसाय असतो.