इंजिनावरचं ‘ए’ अक्षर

ईदची सुट्टी लागली की आमचं सगळं घर कोकणात गावी निघतं. यंदा गाडी फलाटाला लागली तेव्हा मुलांनी इंजिनावरची अक्षरं मोठ्यानं वाचली, “डब्ल्यू ए पी सात.” लगेच प्रश्न आला, “अब्बा, म्हणजे काय?” आम्हां मोठ्या माणसांपैकी एकालाही धड उत्तर देता आलं नाही. मग गावी पोहोचल्यावर आम्ही माहिती मिळवली. ती जितकी सोपी आहे तितकीच गरजेची निघाली, म्हणून इथं सांगत आहोत.

इंजिनाच्या नावातलं प्रत्येक अक्षर एका प्रश्नाचं उत्तर असतं. पहिला प्रश्न, रूळ कोणता? ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, ‘वाय’ म्हणजे मीटरगेज आणि ‘झेड’ म्हणजे नॅरोगेज. दुसरा प्रश्न, इंजिन कशावर चालतं? ‘डी’ म्हणजे डिझेल, ‘सी’ म्हणजे डी.सी. वीज आणि ‘ए’ म्हणजे ए.सी. वीज. तिसरा प्रश्न, काम कोणतं? ‘पी’ प्रवासी गाडीसाठी, ‘जी’ मालगाडीसाठी, ‘एम’ दोन्हींसाठी आणि ‘एस’ यार्डात डबे हलवण्यासाठी. शेवटचा आकडा बहुतेक वेळा त्या जातीचा क्रम असतो. काही डिझेल इंजिनांत मात्र तो ताकद सांगतो. ‘डब्ल्यू डी एम ३ ए’ म्हणजे ३१०० अश्वशक्ती. आमचं ‘डब्ल्यू ए पी सात’ सहा हजारांहून अधिक अश्वशक्तीचं होतं.

यातल्या ‘सी’ अक्षराचा मुंबईशी जुना संबंध आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डी.सी.वर. पुढे देशभर २५,००० व्होल्ट ए.सी.ची पद्धत आली, पण मुंबईच्या आसपास जुनी वीजच राहिली. त्यासाठी दोन्ही विजांवर चालणारी ‘डब्ल्यू सी ए एम’ इंजिनं बनवावी लागली. २०१६पर्यंत मुंबईच्या मार्गांवरची डी.सी. वीज गेली आणि त्या इंजिनांची गरजही संपली.

कोकणची गोष्ट वेगळी. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली तेव्हा तिथं डिझेल इंजिनं होती. डिझेल इंजिन आपली वीज पोटातच तयार करतं आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी फिरवतं. त्यामुळे रुळावर तारच नव्हती. २०२२ साली या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. ‘डी’च्या जागी ‘ए’ आलं आणि त्याबरोबर आपल्या गावांच्या डोक्यावर २५,००० व्होल्टची तार आली.

हा आकडा केवढा? घरातली वीज २३० व्होल्ट. गावातल्या डीपीपर्यंत, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, साधारण ११,००० व्होल्ट येतात आणि तिथून कमी होऊन घरात जातात. त्या डीपीजवळ आपण मुलांना फिरकू देत नाही. रेल्वेच्या तारेत त्याच्या दुपटीहून जास्त दाब असतो. तो कमी करणारा ट्रान्सफॉर्मर इंजिनाच्या आत असतो. बाहेर, उघड्या तारेत, पूर्ण २५,००० व्होल्ट असतात.

एवढ्या दाबाची वीज हात लागण्याची वाट पाहत नाही. माणूस जवळ गेला की ती हवेतूनच झेप घेते. म्हणून तारेपासून किमान दोन मीटर दूर राहावं, असा रेल्वेचा नियम आहे. तार रुळापासून साधारण साडेपाच मीटर उंच असते आणि मालगाडीच्या टाकीची उंची चार मीटरच्या आसपास. सेल्फीसाठी टाकीवर चढलेल्या मुलाचं डोकं थेट तारेपाशी पोहोचतं. अशा रीतीनं देशात अनेक तरुण मुलं जिवाला मुकली आहेत. “गाडी उभी आहे, इंजिनही जोडलेलं नाही, मग तारेत वीज कुठली?” हा समज त्यांच्या जिवावर बेतला. इंजिन असो वा नसो, तार जिवंतच असते, असंच धरून चालावं.

आमच्या दादीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आम्ही तर लांब बांबू खांद्यावर उभा धरून फाटक ओलांडायचो!” तेव्हा चालत होतं, आता नाही. बांबू, शिडी, आंबे काढायची काठी आडवी आणि खाली धरूनच न्यावी. रुळाजवळ पतंग उडवू नये. तार तुटून पडलेली दिसली तर जवळ न जाता स्टेशन मास्तरला किंवा १३९ क्रमांकावर कळवावं. कुणाला धक्का बसला तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला ओढायला धावू नये, नाहीतर एकाचे दोन जीव जातात.

परतीच्या प्रवासात मुलांनी खेळच मांडला. इंजिन दिसलं की अक्षरं वाचायची आणि अर्थ सांगायचा. ‘ए’ आलं की सगळे एका सुरात ओरडत, “वर तार आहे!” येत्या सुट्टीत आपल्या घरच्या मुलांनाही हा खेळ जरूर शिकवा.