टायर, शर्यतपथाचे

टायर, शर्यतपथाचे : एरवी सार्वजनिक रस्त्यावर चालणारी मोटारगाडी बंदिस्त शर्यतपथावर वेगाने चालविता यावी म्हणून तिला बसविण्यात येणारे, अधिक पकड देणारे हवाभरित टायर. शुल्क आकारून शर्यतपथ ज्या दिवशी हौशी चालकांसाठी खुला ठेवतात, त्या दिवसास ‘ट्रॅक डे’ असे म्हणतात. त्यात स्पर्धा नसते. बहुतेक चालक स्वतःची गाडी चालवीत तेथे जातात व तीच घेऊन घरी परततात. त्यामुळे टायराची निवड करताना शर्यतपथाइतकाच जाण्यायेण्याच्या रस्त्याचाही विचार करावा लागतो.

भारतातील प्रमुख शर्यतपथ चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोईमतूरजवळ करी मोटर स्पीडवे व ग्रेटर नोएडा येथे बुद्ध आंतरराष्ट्रीय शर्यतपथ (२०११) हे होत. गोंदिया जिल्ह्यातील देवरी हे तालुक्याचे ठिकाण राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ वर (पूर्वीचा क्र. ६) आहे. तेथून चेन्नई हजार किमी.हून अधिक व ग्रेटर नोएडा सुमारे हजार किमी. दूर आहे. देवरीचा चालक शर्यतपथावर जेमतेम शंभर किमी. गाडी चालवील, पण त्यासाठी त्याच टायरांवर जाऊन येऊन दोन हजार किमी. प्रवास करील. या प्रवासात मालमोटारींची वर्दळ, उन्हाळ्यात ४५° से.च्या आसपास जाणारे तापमान किंवा जून ते सप्टेंबरमधील जोरदार पाऊस यांपैकी काहीही वाट्याला येऊ शकते.

पकडीचे स्वरूप : रबर रस्त्याला दोन प्रकारे धरते. रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागास क्षणभर चिकटतात. तसेच मऊ रबर खडीच्या उंचसखल भागात दबते व मूळ आकारात येताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावते. मिश्रण जितके मऊ तितके हे दोन्ही परिणाम वाढतात. पण झीजही वाढते. शर्यतपथासाठीचे मिश्रण साधारणतः ७०° ते १००° से. तापमानास सर्वांत चांगले काम देते. रस्त्यावरील सामान्य वेगात ते इतके तापत नाही. त्यामुळे हिवाळ्यातील पहाटे असा टायर साध्या टायरापेक्षाही कमी पकड देऊ शकतो. उलट, साधा टायर शर्यतपथावर प्रमाणाबाहेर तापतो. त्याच्या खोल नक्षीचे ठोकळे वाकतात व कडा फाटतात.

नक्षीतील खाचा मुख्यतः पाणी बाहेर टाकण्यासाठी असतात. कोरड्या रस्त्यावर खाचा जितक्या कमी तितके अधिक रबर जमिनीस टेकते. म्हणून शर्यतपथाच्या टायरात त्या थोड्या व उथळ ठेवतात. साचलेल्या पाण्यावर मात्र असा टायर लवकर तरंगू लागतो. तसे झाल्यास सुकाणू व गतिरोधक दोन्ही निरुपयोगी होतात.

निवड : टायरांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. (१) उच्च क्षमतेचे रस्त्याचे टायर, (२) रस्त्यावर चालणारे, परंतु मुख्यतः शर्यतपथासाठी बनविलेले टायर आणि (३) नक्षीविरहित शर्यतीचे टायर. तिसऱ्या वर्गातील टायर सार्वजनिक रस्त्यावर वापरता येत नाहीत. झिजेची कल्पना काही टायरांवर छापलेल्या ‘ट्रेडवेअर’ अंकावरून येते. सामान्य टायरांवर हा अंक बहुधा ३०० वा त्याहून अधिक, तर दुसऱ्या वर्गात तो २०० वा कमी असतो. हा अंक उत्पादक स्वतःच ठरवीत असल्याने दोन कंपन्यांच्या टायरांची तुलना केवळ त्यावरून करू नये.

टायराचे माप, भारांक व वेगचिन्ह गाडीच्या उत्पादकाने सांगितल्यापेक्षा कमी असू नयेत. उदा., ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ यात २०५ ही मिमी.मधील रुंदी, ५५ हे उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण, १६ हा रिमचा इंचांतील व्यास, ९१ म्हणजे प्रत्येक टायरावर ६१५ किग्रॅ. भार व ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किमी. वेगमर्यादा होय. निर्मितीचा आठवडा व वर्ष चार अंकांत असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार (१९८९) मोटारगाडीच्या टायराच्या खाचांची खोली किमान १.६ मिमी. असावी लागते.

वापर : तापलेल्या टायरातील हवेचा दाब वाढतो. ३०° से. तापमानास ३२ पौंड (प्रतिचौरस इंच) भरलेली हवा ८०° से.ला सुमारे ४० पौंड होते. इतक्या दाबाने टायराचा मधला भागच अधिक टेकतो व पकड घटते. म्हणून चालक गरम टायरातील हवा सोडून दाब, समजा, ३४ पौंड ठेवतात. तोच टायर पुन्हा ३०° से.ला आला की दाब केवळ २७ पौंड उरतो. शर्यतपथाच्या दृष्टीने हे योग्यच असते. परंतु तशीच गाडी महामार्गावर आणल्यास टायराच्या बाजू सतत दबून तापतात, आतील थर सुटू लागतात व सामान लादलेल्या गाडीचा टायर उन्हात फुटू शकतो. म्हणून परत निघण्यापूर्वी टायर थंड होऊ देऊन उत्पादकाने सांगितलेला दाब भरणे अत्यावश्यक आहे. त्याच वेळी खांद्यांची झीज, चिरा व बाजूंवरील फुगवटे तपासावेत.

तापण्याच्या व निवण्याच्या प्रत्येक आवर्तनाबरोबर मिश्रण थोडे कठीण होते. त्यामुळे नक्षी शिल्लक असूनही पकड गेलेली असू शकते.

नवशिक्या चालकास पहिल्या वर्गातील टायर अधिक उपयुक्त ठरतात. पकड सुटण्यापूर्वी ते बहुधा करकरून इशारा देतात व चूक कमी वेगातच उघड होते. अधिक पकडीचे टायर ती चूक अधिक वेगापर्यंत झाकून ठेवतात आणि सुटतात तेही एकाएकी. अनुभवी चालकांपैकी काही जण शर्यतपथाच्या टायरांचा वेगळा संच रिमसह तेथे पाठवितात व रस्त्यावर साधे टायरच वापरतात. देवरीसारख्या दूरच्या ठिकाणाहून जाणाऱ्यास हे दोनच मार्ग योग्य होत.