उत्तराप्रमाणे प्रश्न बदलणारा वर्ड फॉर्म



आमच्या किनवट तालुक्यात दिवाळीच्या आसपास काही वर्ग रिकामे व्हायला लागतात. ऊसतोडीला, वीटभट्टीवर निघालेल्या आईबापांबरोबर लेकरंही जातात. कोण जाणार, कोण आजीकडे राहणार हे आधी कळलं, तर शिक्षण हमी कार्ड वेळेवर देता येतं, हंगामी वसतिगृहासाठी नाव सुचवता येतं. म्हणून मागच्या वर्षी मी 14 प्रश्नांचा फॉर्म केला. सगळ्यांना सारखेच प्रश्न.

एक आजी नातवाला घेऊन आली. मी वाचत गेलो, "वडील किती महिने बाहेर असतात?" आजी म्हणाली, "बाप नाही सर, लेकराला." खाली अजून चार प्रश्न वडिलांचेच होते. चूक आजीची नव्हती, माझ्या फॉर्मची होती.

यंदा फॉर्म वर्डमध्ये नव्याने केला. संगणक उघडण्याआधी कागदावर फांद्या काढा. "पालक यंदा बाहेर जाणार का?" याला दोन फांद्या. होय असेल तर "मूल सोबत जाणार का?", नाही असेल तर सरळ पुढचा विषय. "लेकराला कोण सांभाळतं?" हा प्रश्न वडिलांच्या प्रश्नाआधी यायला हवा, हे मला असं कागदावर काढतानाच कळलं.

आता वर्ड. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबनमध्ये जाऊन 'डेव्हलपर'वर खूण करा. त्या टॅबमधल्या लेगसी टूल्समधून ड्रॉप-डाउन घ्या. त्यावर डबल क्लिक करून निवडा, होय, नाही असे तीन पर्याय भरा. 'निवडा' पहिलाच ठेवा बरं का. पहिला पर्याय आपोआप दिसतो. तिथे 'होय' असला तर हात न लावलेला फॉर्मही होय सांगतो! तिथंच बुकमार्कला इंग्रजीत, जागा न सोडता नाव द्या आणि 'कॅल्क्युलेट ऑन एक्झिट'वर खूण करा. ही खूण राहिली की काहीच बदलत नाही, माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

पुढचा प्रश्न जिथं हवा तिथं कंट्रोल आणि एफ-९ दाबा. महिरपी कंस येतो. हा कंस हाताने टाइप केलेला चालत नाही. त्यात इंग्रजीत इफ, बुकमार्कचं नाव, बरोबरचं चिन्ह, मग अवतरणात होय, पुढच्या अवतरणात प्रश्न आणि शेवटी रिकामं अवतरण. 'नाही'साठी असाच वेगळा कंस करा. एकाच कंसात दोन्ही बसवले तर 'निवडा' असतानाही 'नाही'चा प्रश्न दिसतो. शेवटी रिस्ट्रिक्ट एडिटिंगमध्ये 'फिलिंग इन फॉर्म्स' निवडून फॉर्म बंद करा. उत्तर निवडून टॅब दाबला की प्रश्न बदलतो.

एक अडचण आहे. प्रश्न लपतो, पण उत्तराची चौकट लपत नाही, ती कंसाच्या बाहेरच ठेवावी लागते. म्हणून मी दोन्ही फांद्यांना एकच चौकट वापरली. फार फांद्या असतील तर गूगल फॉर्ममधला 'उत्तरानुसार विभागाकडे जा' हा पर्याय सोपा पडतो, पण त्याला नेटवर्क लागतं. तांड्यावर, पोडावर ते मिळेलच असं नाही. वर्डची फाइल लॅपटॉपमध्ये तशीच नेता येते.

घरच्या भाषेचा प्रश्नही असाच केलाय. गोंडी, कोलामी, गोरमाटी किंवा तेलुगू निवडलं की पुढं विचारलं जातं, "घरात मराठी कोणाला येते?" पालकसभेचा निरोप कोणामार्फत द्यायचा, ते त्यावरून ठरवतोय.