पडद्यावरचं नगर : मोडकांसमोरची मैना

गेल्या आठवड्यात आपण शाहू मोडकांच्या 'श्यामसुंदर'पर्यंत आलो होतो. नगरच्या ख्रिस्ती घरातला हा मुलगा १९३२ साली पडद्यावर कृष्ण झाला आणि १९४० साली ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं त्या भूमिकेचं नगरकरांना अप्रूप वाटणारच. पण नट म्हणून मोडकांचा कस लागला तो मधल्या 'माणूस'मध्ये. तिथं देवाची पुण्याई पाठीशी नव्हती, आणि समोर शांता हुबळीकर होत्या. आजचा भाग शांताबाईंचा.

शांताबाई हुबळीच्या मुलखातल्या, घरची भाषा कानडी. 'प्रभात'च्या 'माझा मुलगा'त (१९३८) त्या मोडकांबरोबर होत्याच. दुसऱ्याच वर्षी व्ही. शांताराम यांनी 'माणूस'साठी दोघांना पुन्हा एकत्र आणलं. जुगाराच्या अड्ड्यावर पोलिसांची धाड पडते, हवालदार गणपत मैना नावाच्या वेश्येला वाचवतो आणि तिच्यात गुंततो, अशी ही गोष्ट. 'देवदास' पाहून रडणाऱ्या तरुणांना शांतारामांना उत्तर द्यायचं होतं: प्रेम फसलं म्हणून आयुष्य संपवायचं नसतं.

मैनेचं 'कशाला उद्याची बात' हे बहुभाषी गाणं अजून लोकांच्या ओठांवर आहे. संगीत मास्टर कृष्णरावांचं, आणि गळा शांताबाईंचा स्वतःचा. ज्या प्रांताचं गिऱ्हाईक, त्या प्रांताची भाषा आणि तसाच ठसका. गाणं मौजेचं आहे, पण तिचा चेहरा नीट पाहा. हे हसू पोटासाठी आहे, हे ती एका क्षणासाठीही विसरत नाही. पुढं बागेत सिनेमाचं चित्रीकरण चाललेलं दिसतं, तेव्हा पडद्यावरच्या गुळचट प्रेमाची दोघं मिळून टर उडवतात. तिथं मात्र शांताबाईंचं हसू अगदी मोकळं आहे. हसण्यातला एवढा फरक त्यांनी एकही शब्द न वापरता दाखवला.

आणि मग गणपत तिला आईकडे नेतो. भाविक म्हातारी तिला मायेनं वागवते, आणि नेमकी ती मायाच मैनेला सोसत नाही. ती पळून जाते. कुणी हाकलून दिलं असतं तर ती भांडली असती. पुढं तिच्या हातून मामाचा खून होतो, गणपत सोडवायला येतो आणि ती नकार देते. गणपत सावरतो, कामावर परततो. सिनेमाचा उपदेश त्याच्यासाठी आहे, किंमत मात्र मैना मोजते. मला ही त्या थोर चित्रपटातली उणीव वाटते, आणि शांताबाईंनी ती झाकली नाही, हे त्यांचं मोठेपण.

त्यानंतर कानडी 'जीवन नाटक' (१९४२) आणि आणखी काही चित्रपट झाले, पण मैनेच्या तोडीचं काम पुन्हा वाट्याला आलं नाही. निर्मात्यांना तिचा ठसका हवा होता, तिच्या आतली बाई कुणालाच नको होती. संसार झाला, चित्रपट सुटले. उतारवयात त्या वृद्धाश्रमात राहत होत्या. तिथं त्या पुन्हा लोकांना सापडल्या, मग सत्कार झाले. 'कशाला उद्याची बात' हे गाण्याचंच नाव देऊन त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. १९९२ साली त्या गेल्या, आणि पुढच्याच वर्षी शाहू मोडकही.