बुटका फ्लॉक्स : दादरला घेताना ओळखा, अंगणात लावा



आपल्यापैकी अनेकांचे पाहुणे दादर-परळकडे नोकरीला आहेत. त्यांच्याकडे जाणे झाले की परतताना पिशवीत फुलझाडाचे रोप किंवा बियाची पुडी येतेच. मग गटात फिरताना ऐकायला मिळते, "साहेब, बुटका म्हणून फ्लॉक्स आणला, तो गुडघ्याला लागला आणि पहिल्या वाऱ्यात आडवा झाला." उसाचे बेणे आपण जात विचारल्याशिवाय घेत नाही, मग फुलझाडालाच का सूट द्यावी?

दादर पश्चिमेला सेनापती बापट मार्गावरच्या फुलबाजारात झेंडू, शेवंती, निशिगंधाचे ढीग लागतात. तिथे फ्लॉक्स शोधू नये. आखूड देठाचा हा काही हाराचा माल नव्हे. रोपवाल्याकडे किंवा बियाण्याच्या दुकानात विचारावे.

मोबाइलवर जपानमधल्या फुजी पर्वताजवळचे गुलाबी गालिचे दिसतात. तोही फ्लॉक्सच, पण बहुवर्षायू जातीचा. त्याची पाने सुईसारखी असून त्याला कडक थंडी लागते. आपल्या उन्हाळ्यात तो टिकत नाही, तेव्हा त्यावर पैसे घालू नयेत. आपल्याला जमतो तो हंगामी फ्लॉक्स. हा मूळचा अमेरिकेतील टेक्सासचा. थॉमस ड्रमंड यांनी १८३५ साली त्याचे बी इंग्लंडला पाठवले, म्हणून शास्त्रीय नावात ड्रमंड आले.

या हंगामी फ्लॉक्समध्येही उंच आणि बुटक्या जाती आहेत. उंच हातभर होतो, बुटका वीतभर, म्हणजे १५ ते २० सें.मी. रोप हातात घेऊन पेरी बघा. बुटक्याची पेरी आखूड असतात आणि फांद्या बुडापासूनच फुटतात. मात्र सावलीत दाटीने वाढलेले बुटके रोपही लांबट दिसते, म्हणून एक-दोन फुले उमललेले रोप घेतलेले बरे. टोकदार, चांदणीसारख्या पाकळ्यांची 'ट्विंकल' ही बुटक्यातलीच.

कधी फ्लॉक्स म्हणून व्हर्बिना हाती पडतो. त्याच्या पानांना करवती कडा असते. फ्लॉक्सचे पान साधे व लवदार, बोटाला किंचित चिकट लागते. खालची पाने समोरासमोर आणि वरची एकाआड एक, ही पक्की खूण.

बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यावर टाकावे. उगवणीला अंधार लागतो, म्हणून वर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यावा. साधारण दोन आठवड्यांत उगवते. चार-सहा पानांवर रोपे १५ ते २० सें.मी. अंतराने लावावीत. जागा भरपूर उन्हाची आणि निचऱ्याची हवी. काळ्या रानात वाफा उंच करून कुजलेले शेणखत किंवा चांगला कुजलेला प्रेसमड मिसळावा. युरिया मात्र उसालाच राहू द्या, इथे नुसता पाला वाढेल.

पाणी सकाळी, बुडाशी द्यावे; पाने भिजत राहिली की रोग वाढतात. पानांवर पांढरी भुरी दिसताच ती पाने काढून गंधकाची फवारणी करावी, पण भर उन्हात नको. पहिला बहर सरला की झाड निम्म्यावर छाटा, पुन्हा फुलते. दादरच्या गॅलरीतल्या कुंडीत दमट उकाड्याने तो लवकर आटोपतो. आपल्याकडे रात्री गारवा असतो, त्यामुळे फुले जास्त दिवस मिळतात.

घरचे बी धरायचे असेल तर बोंडे पिवळसर होताच कागदी पिशवीत काढावीत. वाळली की ती तडकतात आणि बी लांब उडते. शेजारी उंच जात असेल तर मात्र बी धरू नका, पुढच्या वर्षी भेसळ निघेल.

— ऊस विकास अधिकारी