पर्वतीय स्नोमोबाईलमधील सुधारणा

पर्वतीय स्नोमोबाईल हे खोल व भुसभुशीत हिमातून, तीव्र चढांवर आणि मळलेली वाट नसलेल्या डोंगराळ प्रदेशात चालविण्यासाठी बनविलेले हिमवाहन आहे. या वाहनाचे काही भाग बदलून किंवा त्यांची जुळणी नव्याने करून चढण्याची, हिमावर तरंगण्याची व वळण्याची क्षमता वाढविण्याची प्रथा चालकांमध्ये रूढ आहे. अमेरिकेतील कॉलोराडो, वायोमिंग, मोंटाना, आयडाहो व यूटा ही राज्ये आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया व आल्बर्टा हे प्रांत या वाहनांची प्रमुख क्षेत्रे आहेत. सुधारणांचा खर्च क्लचच्या जुळणीसाठी काही शे डॉलरपासून टर्बोचार्जरसाठी अनेक हजार डॉलरपर्यंत असतो. त्यामुळे मर्यादित रकमेत कोणती सुधारणा आधी करावी हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. खोल हिमात वाहन अडते ते बहुधा इंजिन दुबळे असल्यामुळे नव्हे, तर असलेली शक्ती हिमापर्यंत नीट न पोहोचल्यामुळे. म्हणून कमी खर्चाच्या क्रमात इंजिनातील बदल सर्वांत शेवटी येतो.

पार्श्वभूमी

कॅनडातील क्वेबेक प्रांतातील व्हॅलकोर्ट येथील जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिये यांच्या कारखान्याने १९५९ मध्ये ‘स्की-डू’ हे हलके वाहन बाजारात आणले आणि वैयक्तिक वापराच्या स्नोमोबाईलचा प्रसार सुरू झाला. आरंभीची वाहने सपाट प्रदेशातील दळणवळणासाठी होती. १९९० च्या दशकात ‘समिट’ व पोलारिस कंपनीचे ‘आरएमके’ यांसारख्या मालिका आल्या आणि पर्वतीय स्नोमोबाईल हा स्वतंत्र प्रकार दृढ झाला.

वाटेवरच्या स्नोमोबाईलच्या ट्रॅकची लांबी साधारणपणे १२० ते १३७ इंच असते. पर्वतीय वाहनात ती १४६ ते १७५ इंच असते. ट्रॅकवरील रबरी दाते वाटेवरच्या वाहनात १ ते १.७५ इंच, तर पर्वतीय वाहनात २.५ ते ३ इंच उंच असतात. पुढील दोन स्कींमधील अंतर मात्र पर्वतीय वाहनात कमी ठेवलेले असते. त्यामुळे उतारावर आडवे जाताना चालकाला वाहन एका कुशीवर सहज झुकवता येते.

उंचीचा परिणाम

समुद्रसपाटीच्या तुलनेत ३,००० मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे तीन चतुर्थांश उरते. नैसर्गिकरीत्या हवा ओढणाऱ्या इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के घटते, असा स्थूल ठोकताळा आहे. समुद्रसपाटीवर १६५ अश्वशक्ती देणारे ८५० घनसेंटीमीटरचे इंजिन ३,००० मीटरवर सुमारे ११५ ते १२० अश्वशक्तीच देते. सायलेन्सर बदलून मिळणारी दोन-चार अश्वशक्तीची वाढ या घटीपुढे अल्प आहे. याउलट, उंचीनुसार क्लच न जुळविल्यास उरलेल्या शक्तीपैकीही मोठा भाग वाया जातो.

क्लच व दंतचक्रे

स्नोमोबाईलमध्ये गिअर बदलण्याऐवजी दोन क्लच व त्यांना जोडणारा रबरी बेल्ट असतो. इंजिनाच्या दांड्यावरील क्लचमधील वजने फिरण्याच्या वेगाने बाहेर फेकली जातात, त्याच्या चकत्या एकमेकींजवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. दुसऱ्या क्लचमधील स्प्रिंग व सर्पिल खाच चढावरील भार ओळखून बेल्टला परत खालच्या गुणोत्तराकडे आणतात. पर्वतीय वाहनांतील द्विघाती इंजिने फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यातच कमाल शक्ती देतात. ८५० घनसेंटीमीटरच्या इंजिनांत हा पट्टा मिनिटाला ८,००० फेऱ्यांच्या आसपास असतो.

उंचीवर शक्ती घटली की खालच्या प्रदेशासाठी बसविलेली वजने जड ठरतात. पूर्ण थ्रॉटल देऊनही फेरे या पट्ट्याच्या खाली राहतात आणि चढ मध्येच थांबतो. यावर उपाय म्हणजे हलकी वजने व योग्य स्प्रिंग बसविणे. उत्पादक आपल्या वाहनांसाठी उंचीनुसार वजनांचे तक्ते देतात. जुळणी बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी खोल हिमात पूर्ण थ्रॉटलवर फेऱ्यांच्या काट्यातील आकडा उत्पादकाने सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहिला जातो. आकडा कमी असल्यास वजने हलकी व जास्त असल्यास जड केली जातात.

लांब ट्रॅक किंवा उंच दाते बसविल्यास साखळीच्या पेटीतील दंतचक्रे बदलून गुणोत्तर खाली आणणेही उपयुक्त ठरते. त्यामुळे कमाल वेग कमी होतो. पण पर्वतात तो क्वचितच लागतो.

विनाखर्च जुळणी

काही सुधारणांना नवा भाग लागत नाही. मागील सस्पेन्शनमधील मर्यादा-पट्टा सैल केल्यास भार ट्रॅककडे सरकतो व चढताना पकड वाढते. घट्ट केल्यास स्कींवरील भार वाढून वळणे सोपे होते. पट्टा फार सैल असल्यास तीव्र चढावर वाहनाचे पुढचे टोक उचलले जाते. चालकाच्या वजनानुसार स्प्रिंगचा ताण ठरविणे, ट्रॅकचा ताण तपासणे, क्लचच्या चकत्या स्वच्छ करणे आणि दोन्ही क्लच एका रेषेत आहेत याची खात्री करणे ही कामेही याच वर्गात येतात. झिजलेला बेल्ट वा सैल ट्रॅक तसाच ठेवून नवे भाग विकत घेतल्यास त्या भागांचा पूर्ण लाभ मिळत नाही.

बहुतेक पर्वतीय वाहनांचे शीतक उष्णताविनिमयक ट्रॅकच्या वरच्या बोगद्यात असतात आणि ट्रॅकने उडविलेल्या हिमानेच ते थंड राहतात. कडक बर्फाच्या वाटेवर हिम उडत नाही. इंजिन तापते व ट्रॅकच्या आतील प्लास्टिकच्या पट्ट्याही झिजतात. सस्पेन्शनच्या दांड्यांवर बसणाऱ्या लवचीक तारा बर्फ खरवडून वर उडवितात. अत्यल्प किमतीच्या या भागामुळे इंजिन व पट्ट्या दोन्हींचे रक्षण होते.

ट्रॅक

भुसभुशीत हिमात प्रत्यक्ष फरक पाडणारा सर्वांत मोठा भाग ट्रॅक होय. झिजलेल्या दात्यांचा ट्रॅक काढून त्याच लांबीचा, पण उंच दात्यांचा ट्रॅक बसविणे हा खर्चाच्या मानाने अधिक फलदायी पर्याय समजला जातो. नवा ट्रॅक साधारण हजार डॉलरच्या आसपास पडतो; वापरलेला त्याहून स्वस्त मिळतो.

ट्रॅकची सांगितलेली लांबी ही त्याच्या संपूर्ण घेराची असते. १५४ ऐवजी १६५ इंची ट्रॅक घेतल्यास हिमाला टेकणारी लांबी ११ नव्हे, तर सुमारे साडेपाच इंचांनी वाढते. लांबी वाढविण्यासाठी सस्पेन्शनच्या दांड्याही लांब कराव्या लागतात व काही वाहनांत बोगदाही वाढवावा लागतो. त्यामुळे खर्च ट्रॅकच्या किमतीपुरता राहत नाही. दात्यांमधील अंतर जुन्या ट्रॅकपेक्षा वेगळे असल्यास ट्रॅक फिरविणारी चाकेही बदलावी लागतात. तीन इंची दाते बोगद्यातील शीतकांना घासत नाहीत ना, हे आधी मोजून घेणे आवश्यक असते.

वजन

हलके वाहन हिमात कमी रुतते आणि रुतल्यास एकट्या चालकाला ओढून काढता येते. हलका सायलेन्सर, लिथियम बॅटरी व हलकी आसने हे प्रचलित मार्ग आहेत. तथापि, प्रत्येक किलोमागे मोजावी लागणारी किंमत झपाट्याने वाढते. चालकाच्या पिशवीतील अनावश्यक साहित्य कमी करणे व बोगद्यात गोठलेला बर्फ काढणे यांनी विनाखर्च काही किलो कमी होतात. लिथियम बॅटरीची क्षमता तीव्र थंडीत घटते, हा तिचा दोष आहे.

इंजिन

जुन्या कार्ब्युरेटरच्या वाहनांत उंचीनुसार लहान जेट बसवावे लागतात. अन्यथा इंधनाचे प्रमाण जास्त होऊन शक्ती घटते. तेच वाहन परत खाली नेताना मोठे जेट न बसविल्यास मिश्रण विरळ होते व पिस्टन जळण्याचा धोका असतो. जास्त दाबाचे सिलिंडर-हेड उंचीवर लाभदायक असले, तरी कमी उंचीवर सामान्य इंधनाने इंजिनात ठोके येतात. नियंत्रित इंधनफवारणी असलेल्या वाहनांत बरेचसे समायोजन आपोआप होते.

टर्बोचार्जर विरळ हवा दाबून इंजिनात भरतो व उंचीमुळे होणारी घट भरून काढतो. २०२० च्या श्रेणीतील स्की-डू समिट हे कारखान्यातच टर्बोचार्जर बसविलेले पहिले द्विघाती स्नोमोबाईल होते. ८,००० फूट उंचीपर्यंत १६५ अश्वशक्ती टिकविण्यासाठी त्याची रचना होती. बाहेरून बसविलेल्या टर्बोचार्जरसोबत इंधन, क्लच व शीतन यांचीही नव्याने जुळणी करावी लागते. अशा बदलाने हमी रद्द होऊ शकते आणि पुनर्विक्रीत त्याचा खर्च सहसा वसूल होत नाही. त्यामुळे मोठी रक्कम हाती असल्यास जुने वाहन विकून नव्या रचनेचे वापरलेले वाहन घेणे अनेकदा अधिक किफायतशीर ठरते.

आवाज व नियम

उत्तर अमेरिकेतील कारखान्यात तयार झालेल्या स्नोमोबाईलसाठी पूर्ण थ्रॉटलवर ५० फूट अंतरावरून ७८ डेसिबल ही आवाजाची प्रचलित मर्यादा आहे. हलके सायलेन्सर बहुधा ती ओलांडतात. अनेक राज्ये व प्रांतांत मूळ सायलेन्सर काढण्यास मनाई आहे. आवाजाच्या तक्रारींमुळे डोंगराळ क्षेत्रे स्नोमोबाईलसाठी बंद होण्याची शक्यताही वाढते.

हिमस्खलन व खर्चाचा प्राधान्यक्रम

कार्यक्षमता वाढली की चालक अधिक तीव्र चढांवर पोहोचतो. बहुतांश हिमफलक-स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि उंच जाऊन वळून येण्याची चढाओढ याच उतारांवर चालते. १३ मार्च २०१० रोजी ब्रिटिश कोलंबियातील रेव्हलस्टोकजवळ बोल्डर पर्वतावर अशा एका मेळाव्यावर हिमकडा कोसळून दोघे ठार व सुमारे ३० जण जखमी झाले.

हिमाखाली गाडलेल्या व्यक्तीच्या जगण्याची शक्यता पहिल्या १० ते १५ मिनिटांनंतर वेगाने घसरते. बाहेरचे मदतपथक तेवढ्यात सहसा पोहोचू शकत नाही. सोबत्यांनीच शोध घ्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा संदेशप्रेषक, शोधकाठी व फावडे असणे आणि ते वापरण्याचा सराव असणे आवश्यक मानले जाते. या तिन्हींचा एकत्रित खर्च एका नव्या ट्रॅकपेक्षा कमी असतो. मर्यादित रकमेचा विनियोग सामान्यतः पुढील क्रमाने सुचविला जातो:

१. सुरक्षासाहित्य व हिमस्खलनाचे प्रशिक्षण
२. देखभाल, नवा बेल्ट व सस्पेन्शनची जुळणी
३. उंचीनुसार क्लचची जुळणी
४. ट्रॅक व आवश्यक असल्यास दंतचक्रे
५. वजन कमी करणे
६. इंजिन व टर्बोचार्जर