शिखरावरून उतरताना

शिखर गाठलं की निम्मंच काम होतं. उतरताना अंग थकलेलं असतं, अंधार पडत असतो.

उभ्या कड्यावर रॅपलिंग करतात. कड्यात पक्क्या केलेल्या अँकरमधून दोर दुहेरी ओवायचा, कमरेच्या पट्ट्याला (हार्नेस) लावलेल्या डिसेंडर या वेग आवरणाऱ्या साधनातून तो सोडत खाली यायचं आणि एक टोक ओढून दोर काढून घ्यायचा. त्यामुळे तोच दोर पुढच्या टप्प्याला वापरता येतो. टोकांना गाठ मारायला मात्र विसरता कामा नये!

जुलै १९७७. काराकोरममधलं ७,२८५ मीटरचं 'ओगर' शिखर सर करून ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट आणि ख्रिस बॉनिंग्टन उतरत होते. रॅपलिंग करताना बर्फावर स्कॉटचा पाय घसरला. लंबकासारखा झोका घेऊन तो कड्यावर आदळला. दोन्ही पाय मोडले. पुढे बॉनिंग्टन दोराच्या टोकावरून निसटला आणि त्याच्या बरगड्या मोडल्या. मो अँथॉइन आणि क्लाइव्ह रोलंड या सोबत्यांच्या मदतीने स्कॉट गुडघ्यांवर रांगत उतरला. गिर्यारोहणाच्या इतिहासात इतक्या जिद्दीने उतरल्याचं उदाहरण क्वचितच सापडतं.

आणि अशा मोहिमांसाठी, पोटापाण्यासाठी पैसा कुठून यायचा? मार्गारिन विकण्याची नोकरी सोडलेल्या बॉनिंग्टनने पुस्तकं, छायाचित्रं आणि व्याख्यानांवर संसार चालवला. त्याच्या १९७५च्या एव्हरेस्ट मोहिमेचा खर्च बार्कलेज बँकेने उचलला होता. शाळामास्तर असलेल्या स्कॉटनेही पुढे व्याख्यानं दिली. त्यांतून नेपाळच्या खेड्यांत शाळा आणि दवाखान्यांसाठी निधी उभा राहिला.